गोड्या पाण्याचा दौरा

आईने बाबांना घातलेली शपथ खाऱ्या पाण्याची होती.

बाबा पूर्वी एका कंत्राटदाराकडे पाणबुडे होते. भर समुद्रातल्या तेलविहिरींचे पाइप पाण्याखाली जाऊन जोडायचं काम. एकदा खाली असताना हवा तुटली आणि ते जेमतेम जिवानिशी घरी आले. तेव्हा आईने त्यांना देवापुढे उभं करून वदवून घेतलं, यापुढे खाऱ्या पाण्यात पाय टाकणार नाही. ते त्यांनी पाळलं. डहाणू रोडला पंप दुरुस्तीचं दुकान टाकलं. मसोलीतल्या आमच्या घरात भरतीचा वास यायचा, पण त्यानंतर बाबा कधी किनाऱ्यावर चपला काढूनसुद्धा चालले नाहीत.

त्र्याण्णवच्या दिवाळीत आई गेली. संक्रांत झाली आणि बाबांना शपथेतली फट सापडली. गोड्या पाण्याबद्दल आई काहीच बोलली नव्हती.

मुंबईच्या एका जुन्या दोस्ताकडून त्यांनी दोन सिलिंडर, मुखवटा आणि काळा रबरी सूट आणला. सेकंडहँड जीप घेतली. हॉलच्या भिंतीवर भारताचा नकाशा लावला. गुजरातेतल्या पायऱ्यांच्या विहिरी, राजस्थानातल्या पाणी भरलेल्या संगमरवराच्या खाणी, भेडाघाट, भंडाऱ्याचे तलाव. देशाच्या पोटात जिथे जिथे खोल गोडं पाणी आहे, तिथे उतरायचं. जीप मी चालवायची, कारण त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता. लोणारवरून आमचा दोन दिवस वाद झाला. मला ते बघायचं होतं.

"लोणार खारं आहे, मुक्ता," बाबा म्हणाले. "तुझ्या आईला काय तोंड दाखवू?"

ते चेष्टा करत नव्हते.

मला लाज वाटायची. आईच्या साड्या वाळायच्या त्या दोरीवर आता तो सूट लटकत असे, माणसाच्या आकाराचा, वाऱ्यावर पाय हलवत. शेजारच्या कीर्तीबेन कुंपणावरून विचारत, "पप्पा पिकनिकला चालले?" नाशिकहून माझ्या भावाचा, ललितचा फोन आला की निदान वर्षश्राद्ध तरी होऊ द्या, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, लोक म्हणून झालेत. मी शिकवत होते त्या शाळेच्या स्टाफरूममध्ये माझी चाहूल लागली की विषय बदलत. शोकाबद्दल मी पुष्कळ वाचलं होतं, पण त्यात कुठेही माणूस संध्याकाळी चिकूच्या वाडीतल्या हौदात बसून बुडबुडे सोडत नव्हता. तरी मी जाणार होते. मी नाही म्हटलं असतं तर ते एकटे गेले असते.

होळीनंतरच्या एका रविवारी, रंगीत तालीम म्हणून, आम्ही कैनाड मागे टाकून तलासरीकडे गेलो. तिथे हायवेपासून आत दगडाची एक बंद पडलेली खदान होती. तिच्यात पाणी साचून तळं झालेलं. बाबांनी सूट चढवला, सिलिंडर पाठीवर घेतलं, मला अंगठा दाखवला आणि उलटे पाण्यात पडले. मी कातळावर बसून बुडबुडे बघत राहिले.

थोड्या वेळाने मागे माणसं जमू लागली. पाड्यावरच्या बायका, बाप्ये. बघ्यांची गर्दी असेल असं मला वाटलं, पण कुणी बोलत नव्हतं. एकाच्या खांद्यावर चऱ्हाटाचं वेटोळं होतं, एकीच्या हातात घडी केलेलं नवं पांढरं कापड. हिरव्या बांगड्या घातलेली एक बाई माझ्याजवळ येऊन बसली. तिचं नाव नवशी. तिच्या बोलीत लहानमोठ्या सगळ्यांना 'तू'च असतं. तिने विचारलं, तुला मुंबईहून धाडलं का?

हळूहळू उलगडत गेलं. तिचा नवरा चैत्या होळीच्या आधी इथे आंघोळीला उतरला आणि वर आलाच नाही. खाली खदानीचं जुनं लोखंड, तारा पडलेल्या. कशात तरी अडकला असणार. पाड्यावरच्यांनी बुड्या मारून पाहिल्या, तळ लागला नाही. मुंबईहून पाणबुडे येतील, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. तेव्हापासून ते वाट बघत होते. मढं नाही म्हणून क्रियाकर्म नाही. सासू म्हणते, पळून गेला असेल.

"बांगड्या ठेवू का फोडू," नवशी म्हणाली, "कोणी सांगत नाय."

मी तिला त्याच वेळी सांगायला हवं होतं. मी शब्द जुळवत होते, तेवढ्यात पाणी फुटलं आणि बाबा वर आले. मुखवटा कपाळावर सरकवला. इतक्या महिन्यांत त्यांचा चेहरा असा मी पाहिला नव्हता.

"झकास, मुक्ता!" ते ओरडले. "काचेसारखं पाणी आहे. राजस्थानात जायची गरजच नाही."

ते हसत होते. मग त्यांना माणसं दिसली आणि हसू तसंच अर्धवट राहिलं. चऱ्हाटवाला, नवशीचा दीर हाल्या, पाण्याच्या कडेपर्यंत गेला.

"गावला का?" त्याने विचारलं.

बाबा माझ्याकडे बघू लागले. सगळेच माझ्याकडे बघू लागले. आम्ही कोण, कशासाठी आलो, हे त्या माणसांसमोर उच्चारणं मला जमेना.

"अजून नाही," मी म्हणाले.

मग कडेला वाकून मी बाबांना हलक्या आवाजात सगळं सांगितलं. बाबांनी हवेचा काटा पाहिला. दुसरं सिलिंडर आम्ही घरीच ठेवून आलो होतो. तालमीला एक पुरे, असं मीच म्हटलं होतं. काटा पावाच्या खाली होता. त्यांनी तो मलाही दाखवला. मी 'नका' म्हणू शकले असते. माझ्या पाठीमागे ती सगळी माणसं उभी होती आणि मी म्हणाले नाही. त्यांनी हाल्याकडून चऱ्हाटाचं टोक घेतलं, मनगटाला गुंडाळलं आणि गेले.

बुडबुडे पलीकडच्या कड्याखाली सरकले. नवशीने माझा हात धरला. मी दुसऱ्याच कशासाठी घाबरले होते, हे तिला कळणं शक्य नव्हतं. आईने एवढी शपथ घालून राखलेला माणूस मी दोन शब्दांत खाली पाठवला होता, तोही चारचौघांत अवघडायला नको म्हणून. बुडबुडे विरळ झाले. मग थांबले.

चऱ्हाटाला हिसका बसला. त्याच वेळी बाबा वर उसळले, तोंडातली नळी थुंकून मोठमोठ्याने श्वास घेत. ओठ निळे पडले होते. मी त्यांना ओढून कातळावर घेतलं. त्यांच्या मनगटाला आता चऱ्हाट नव्हतं. मागे माणसं ते खेचत होती.

वर काय आलं ते मी लिहीत नाही. करगोट्यावरून ओळख पटली. एका म्हातारीने नवशीला खाली बसवलं आणि तिचे दोन्ही हात दगडावर ठेवले. बाबांनी मान फिरवली.

पोलीस आले, पंचनामा झाला. आम्हाला कुणी पाठवलं, असं विचारलं तेव्हा बाबांनी खरं ते सांगितलं, कुणीच नाही. पाड्यावरच्यांना ते मोठेपणाचं वाटलं. एका म्हाताऱ्याने बाबांच्या पायांना हात लावला आणि बाबा रबरी सुटात, ओले, नुसते उभे राहिले. हाल्या म्हणाला, तू त्याला हात लावलास, आता तू आमच्यातला, दहाव्याला ये.

येताना जीपमध्ये बाबा म्हणाले की पहिल्या वेळीच त्यांना काहीतरी दिसलं होतं. ताडपत्री वाटली, म्हणून ते तिथून वळून पुढे गेले होते, मासे बघायला.

दहाव्याला आम्ही गेलो. जेवणं उरकत आली तेव्हा मी नवशीला बाजूला घेतलं. तिचे हात मोकळे होते.

"आम्ही त्याच्यासाठी आलो नव्हतो," मी म्हणाले. "मजेसाठी आलो होतो."

ती पानं पुसत होती. तिचा हात थांबला नाही.

"ठाव हाय. तुझा बा हसत वर आला, तवाच कळला. आम्ही उठून घरा जायचे होतो. पण तू 'अजून नाय' बोललीस. म्हणून बसलो."

सांगून टाकलं की हलकं वाटेल, अशी माझी समजूत होती. तसं झालं नाही. तिने ते सगळं कातळावर बसल्या बसल्या ओळखलं होतं, आणि तरीही माझा हात धरला होता.

मग ती भाताचं पातेलं घेऊन बाबांच्या पानाशी गेली.

"बाबा," तिने विचारलं, "खाली लय अंधार हाय का रे?"

बाबांनी घास खाली ठेवला.

"आहे," ते म्हणाले. "कड्याखाली आहे. गारही आहे. पण आवाज कसला नाही."

तिने मान हलवली, त्यांच्या पानात आणखी भात वाढला आणि पुढच्या माणसाकडे गेली.