उजेडाला धरलेला ठोकळा

"उजेडाला धर गो चंद्रे. नुसता काटा नको बघू. काट्याला वजन कळतं, भोक कळत नाय."

साखरबाई हे बोलली त्याला चार वर्षं झाली. काचबिंदूनं तिची नजर गेली आणि तिनं काम सोडलं त्यालाही दोन वर्षं होऊन गेली. तरी त्या दिवशी सतरा नंबरचा ठोकळा खिडकीशी नेला, तेव्हा तिचाच आवाज कानाशी आला.

ठोकळा म्हणजे वीतभर लांबीची, चिनीमातीची जाळी. आरपार शेकडो चौकोनी भोकं. त्या भोकांना आतून आम्ही औषधाचा पांढरा लेप देतो आणि भट्टीत पक्का करतो. मग तो ठोकळा एखाद्या कारखान्यात धुराच्या पेटीत बसतो. विषारी वाफ भोकांतून जाते, लेपाला लागते आणि तिथेच जळून जाते. तारापूरच्या आमच्या शेडमध्ये हे काम आम्ही सहा बायका करतो.

"सारवण घालतेस ना घरी?" साखरबाईनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं. "जाड घातलंस की सुकताना तडकतं, पोपडे निघतात. तसंच हाय हे. तीनदा पातळ द्यायचं, दर वेळी वाळवून."

या खेपेला चाळीस ठोकळ्यांना एकाच बुडीत सगळा लेप दिला होता. तीनदा वाळवायला तीन दिवस लागले असते, आणि गाडी चार वाजता येणार होती.

सतरा नंबर मी उजेडाला धरला. मधल्या भोकांतून उजेड येत होता. कडेच्या चार ओळी आंधळ्या. बाकीच्या भोकांचे चारही कोपरे लेपानं भरून गोल झालेले. अठरा नंबर तसाच. एकोणीसही.

"काकी, आज एकादशी ना?" शेजारून दीपिका म्हणाली. "उपाशीपोटी डोळ्यांपुढे अंधारीच येते. साबुदाणा खाऊन या, सगळी भोकं उघडतील!"

सगळ्या हसल्या. मीही हसले. ठोकळा मात्र खाली ठेवला नाही, तसाच घेऊन मेहुलसरांच्या केबिनमध्ये गेले.

सर तरुण आहेत, वलसाडचे. कधी आवाज चढवत नाहीत. त्यांनी ठोकळा उजेडाला धरला आणि बराच वेळ धरून ठेवला.

"वजन किती आलं, ताई?"

"वजन बरोबर आहे, सर. पण वजन सगळं कोपऱ्यांत बसलंय. तुम्हीच शिकवलं होतं ना आम्हाला? लेप जाड झाला की वाफ वरवर शिवून निघून जाते, आतल्या औषधापर्यंत पोचतच नाही."

"शिकवलं होतं."

"मग?"

त्यांनी ठोकळा टेबलावर ठेवला. "मी सकाळीच सांगितलं वर. म्हणाले, कागदावर वजन मागितलंय, वजन द्या." मग म्हणाले, "ताई, माझी सही झाली आहे. तपासणीची तुमची राहिली आहे."

कोणासाठी माल चाललाय ते मला ठाऊक होतं. आमच्यापासून तिसऱ्या गल्लीतला रंगाचा कारखाना. त्या धुराच्या पेटीखाली पंढरी उभा असतो. पंढरी साखरबाईचा मुलगा.

काम सोडलं त्या दिवशी तिनं माझा हात धरून ठेवला होता. "खोटा माल जायला नको असं मी म्हणत नाय. ते काय आपल्या हातात हाय? पण गेला तर मला सांग. लपवू नको. माझा पंढरी तिथंच श्वास घेतो."

मी म्हटलं होतं, "सांगेन. देवाशपथ."

बाहेरून हमालानं हाक मारली, "दीदी, गाडी लग गई."

रोज पहाटे मी ज्या हातानं तुळशीला पाणी घालते, त्याच हातानं सही केली. अक्षर नेहमीसारखंच आलं, जरासुद्धा वाकडं नाही. चाळीस खोकी गाडीत चढली. दीपिका आता हसत नव्हती. तिनं चहा आणून दिला. मग माझी एकादशी नुसत्या पाण्यावरची असते हे तिला आठवलं आणि तिनं तो परत नेला.

चाचणीसाठी केलेला एकेचाळिसावा ठोकळा मागे उरला होता. त्याच लेपाचा, त्याच भट्टीतला. सुटी झाल्यावर मी सरांना विचारलं, "हा घरी नेऊ?"

त्यांनी कशाला म्हणून विचारलं नाही. फक्त म्हणाले, "सांभाळून न्या. ठिसूळ असतो."

दुसऱ्या दिवशी माझी साप्ताहिक सुटी होती. सरावलीतल्या आमच्या खोलीत मी पूजा केली, वरणभाताचा नैवेद्य दाखवला. बारस सोडायला पानावर बसले, पण घास उचलेना. विठ्ठलाकडे पाहिलं. गेली एकवीस वर्षं माझी एकही एकादशी चुकलेली नाही. काल सही करतानाही पोटात अन्नाचा कण नव्हता. त्याच्याकडे फार वेळ बघवेना.

तुळशीचं एक पान पाण्याबरोबर घेतलं आणि ताट झाकून ठेवलं.

साखरबाईकडे जाऊन काय होणार होतं? ठोकळे पेटीत बसलेही असतील. पंढरीला नोकरी सोडता येणार नाही. साखरबाई शिव्या देईल, नाहीतर गप्प बसेल. गप्प बसली तर ते जास्त वाईट.

ठोकळा जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळून पिशवीत ठेवला. तिला तो दिसणार नाही. पण तिची आणखी एक रीत होती. एका बाजूनं भोकांत फुंकर मारायची आणि दुसऱ्या बाजूला तळहात धरायचा. कडेच्या ओळींत ती फुंकर मारेल, तळहातावर काही लागणार नाही, आणि मला तोंडानं फारसं सांगावं लागणार नाही.

कडी लावली. नाक्यावर साखरबाईच्या गावाला, पामला जाणारी रिक्षा उभी होती, तीन माणसं बसलेली, चौथ्याची वाट बघत. पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरून मी तिकडे चालू लागले.