नऊ नंबर लूमचा धोटा

मी धोटा बोलतोय. भिवंडीच्या निजामपुऱ्यातला, नऊ नंबर लूमवरचा. वीतभर कठीण लाकूड, दोन्ही टोकांना पोलाद, पोटात सुताची कांडी; उभ्या धाग्यांतून आडवा धागा इकडून तिकडे नेणं हे माझं काम. कांडी बदलली की कारागीर मला तोंडाला लावतो आणि माझ्या भोकातून धागा ओठांनी ओढून घेतो. म्हणून माणसं मी चेहऱ्याने नाही, तोंडाच्या चवीने ओळखतो. दिवसपाळीचा मोहिउद्दीन वेलचीच्या चहाचा, रातपाळीचा नवशा कडक मिसरीचा.

१९८७ साली लूम कामगार संघटनेच्या अध्यक्षपदाची निवडणूक लागली. एकीकडे नऊ वर्षं खुर्चीला चिकटलेला पंढरी, कामगारांपुढे वाघ आणि शेठपुढे मांजर. दुसरीकडे आमचा मोहिउद्दीन. बारा तासांची पाळी आठ तासांवर आणीन, हे त्याचं एकच वचन. मी निःपक्षपाती वगैरे मुळीच नव्हतो. त्याची निशाणीच धोटा होती! भिंतीभिंतीवर माझं चित्र, मी नुसता फुगलो होतो.

मोहिउद्दीन सगळ्यांना बजावायचा, "कुणी हात उचलायचा नाय. रक्त सांडलं तर निवडणूक गेलीच समजा."

शेजारच्या लूमवरचा दामू मान डोलवायचा. मोहिउद्दीनचा जिवाचा दोस्त, पण राग कायम नाकावर.

मतदानाला तीन दिवस उरले असताना भरदुपारी पंढरीची माणसं सळया घेऊन कारखान्यात घुसली. तोंडांना रुमाल बांधलेले. त्यांनी लूमवरचे उभे धागे, सगळा ताणा कापला, लूम ठोकून काढले. एक सळई मोहिउद्दीनच्या खांद्यावर बसली, तो कोसळला. दुसऱ्याने सळई उगारली.

"मोहीभाय, डोकं खाली घाल!" दामू ओरडला. त्याने मला लूममधून उपसलं आणि त्याच्या तोंडावरच्या रुमालावर हाणलं. दात तुटले. दुसरा घाव नाकावर, तिसरा कानशिलात.

खोटं कशाला बोलू? मला आनंद झाला. प्रत्येक घावाला मी मनात "अजून, अजून!" म्हणत होतो. मग रुमाल सुटला, रक्त माझ्या भोकात शिरलं आणि त्याला मिसरीची चव होती.

नवशा! पंढरीने त्याला दिवसपाळी कबूल केली होती म्हणे. फक्त तेवढ्यासाठी आला होता. बाकीचे पळाले. मोहिउद्दीनने त्याचं डोकं मांडीवर घेतलं, पण तो गेलाच.

मोहिउद्दीनने मला दामूच्या हातातून काढून घेतलं. "तुझी बकुळा आज-उद्या बाळंत व्हईल. तू गप ऱ्हा."

"पन मोहीभाय, माझ्या बायकोसाठी तू कशाला—"

"गप ऱ्हा बोललो ना!"

पोलीस आले. "हे कुणाच्या हातात होतं?"

"माझ्या, साहेब."

मोहिउद्दीन कोठडीत गेला, त्याचा अर्ज बाद झाला आणि पंढरी बिनविरोध निवडून आला. पाळी बारा तासांचीच राहिली.

दोन वर्षांनी मला कोर्टात नेलं. साक्षीला दामू आला, खांद्यावर लेक झोपलेली. वकिलाने मला त्याच्यापुढे धरलं आणि विचारलं, कुणी मारलं? दामूने आधी मोहिउद्दीनकडे पाहिलं, मग लेकीकडे.

"मी पाहिलं न्हाय," तो म्हणाला. मोहिउद्दीनला जन्मठेप झाली.

आज मी मुद्देमालाच्या खोलीत धूळ खात पडलोय. माझ्या भोकातून आता सुताचा धागा नाही, चिठ्ठीची दोरी जाते. चिठ्ठीवर लिहिलंय, आरोपी मोहिउद्दीन. मला हात फुटले असते तर ते नाव मीच खोडलं असतं.

दामू, तुझी लेक आता शाळेत जात असेल. तिला लिहिता येत असेल. तिला घेऊन ये आणि या चिठ्ठीवर तुझं नाव लिहायला सांग.