चौतीस सेंटिमीटर

माझे बाबा आणि मी एकाच डोंगराला दोन बाजूंनी भोक पाडत होतो. म्हणजे पाडणारे दुसरेच. आम्ही दोघं सर्व्हेअर, भोक सरळ चाललंय की नाही ते बघणारे. रेल्वेच्या बोगद्याचं उत्तरेकडचं तोंड त्यांच्याकडे, दक्षिणेकडचं माझ्याकडे, मध्ये चार किलोमीटर दगड. रस्त्याने जायचं तर डोंगराला वळसा घालून तीन तास लागायचे, त्यामुळे भेट व्हायची ती रविवारी घरी, आणि तीसुद्धा भांडायला. कोणाची रेघ जास्त सरळ, यावर आम्ही जेवण गार होईपर्यंत वाद घालायचो. आई म्हणायची, "आधी माझ्या कपाटाचं दार सरळ करा दोघं, मग बोला."

हा बाबांचा शेवटचा बोगदा. दोन्ही बाजू जुळल्या की ते निवृत्त होणार होते. छत्तीस वर्षांत त्यांचा एकही बोगदा तीन बोटांपेक्षा जास्त चुकला नव्हता, आणि हे ते कोणी विचारलं नाही तरी सांगायचे.

तीनशे मीटर दगड उरला तेव्हा मुख्य साहेबांनी तपासणीचं यंत्र मागवलं. पृथ्वीच्या फिरण्यावरून खरी उत्तर दिशा शोधणारं हे यंत्र, त्याला ना कोणाची भीड ना कोणाच्या अनुभवाचं कौतुक. माझी बाजू बरोबर निघाली. मग यंत्र घेऊन मी बाबांच्या बाजूला गेले. वाटलं होतं, ते माझ्या मागे मागे फिरून डोकं खातील. पण ते बोगद्याबाहेरच्या ऑफिसात कागद पुढे ओढून बसले आणि म्हणाले, "तू ये जाऊन, ठमे. मला इथे कामं आहेत." एरवी स्वतःच्या यंत्राला कोणाला बोट लावू न देणारा हा माणूस!

आत दोन तास मोजलं, मग तिथेच एका खोक्यावर बसून आकडेमोड केली. बाबांची रेघ पूर्वेकडे झुकत चालली होती. आहे तसंच खोदत गेलो असतो तर भेटीच्या जागी दोन्ही बाजूंत चौतीस सेंटिमीटरचा फरक पडला असता. इतक्या फरकात रेल्वे जात नाही. काँक्रीट फोडावं लागतं. मी तीनदा हिशेब केला. तिन्ही वेळा चौतीसच.

आधी वाटलं, डोळे गेले म्हाताऱ्याचे. मग परत निघाले तेव्हा बॅटरीच्या उजेडात भिंती बघितल्या. यंत्र बसवायचे लोखंडी ब्रॅकेट शेवटचे अकराशे मीटर सगळेच्या सगळे उजव्या भिंतीवर होते. डोंगराच्या पोटात भिंत कोमट असते आणि मधली हवा गार, त्यामुळे भिंतीलगत बघितलं की नजर जराशी वाकते. म्हणून एक ब्रॅकेट या भिंतीवर, पुढचा समोरच्या, मग परत इकडे, असं करायचं. तसं केलं की एकीकडचा वाक दुसरीकडे फिटतो. एकाच भिंतीने गेलं की साठत जातो. हे मला बाबांनीच शिकवलं होतं, चांगलं ओरडून.

डाव्या भिंतीलगत पाणी उपसायचे दोन जाडजूड पाइप होते, माझ्या कमरेएवढे उंच. तिकडे ब्रॅकेट लावायचा तर ते ओलांडायला हवेत. मी चढून बघितलं. माझ्यासारखीचीही दमछाक झाली. मग मला आठवलं, गेलं वर्षभर घरी जिन्याशी आलं की बाबा फोन काढून कानाला लावायचे आणि मला हाताने 'हो पुढे' म्हणायचे. एवढं कोणाशी बोलता, म्हणून मी त्यांची चेष्टा करायचे. जिना चढताना मी बघू नये म्हणून होतं ते सगळं. माझे मेलीचे डोळे कुठे गेले होते?

ऑफिसात आले तेव्हा ते तसेच बसलेले होते.

"किती?" त्यांनी विचारलं.

"चौतीस."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पाच-सहा धरून चाललो होतो मी."

"गुडघा कधीपासून?"

"कोणाचा?"

"बाबा."

"पाइप टाकले त्याच्या आधीपासून."

"मग कोणाला सांगायचं! इतकी माणसं आहेत हाताशी."

"ब्रॅकेट ठोकतील गं ती. यंत्रावर नजर मलाच लावायला लागते. मला काय पोत्यासारखं उचलून पलीकडे ठेवायला सांगू?"

मला इतका राग आला होता, आणि त्या रागाखाली इतकी माया दाटून आली होती, की दोन्ही एकदम तोंडातून निघालं. "गप्प बसा आता. मी सांगते तसं करायचं. सतरा माझ्याकडे लिहिते, सतरा तुमच्याकडे. दोन्ही बाजू थोड्या थोड्या वळवू. कोणाचंच नाव नाही येणार."

"तुझी रेघ बरोबर आहे ना?"

"आहे."

"मग तिला हात लावायचा नाही." त्यांचा आवाज चढला. "माझ्यापायी तू तुझी सरळ रेघ वाकडी करणार? मग काय शिकवलं मी तुला?"

मला रडूच आलं.

"रडतेस काय, ठमे? माणूस मेलंय का? फूटभर चुकलंय," ते म्हणाले आणि त्यांनी साहेबांना फोन लावला. "साहेब, चूक माझी. एकाच भिंतीवरून मोजत गेलो. माहीत असून गेलो, गुडघा साथ देत नाही म्हणून. अजून तीनशे मीटर आहेत, माझी बाजू वळवून घेता येईल. आजपासून मोजणी माझी मुलगी करेल." मग पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं असावं. बाबा नुसते "हो", "बरोबर आहे" म्हणत राहिले. फोन ठेवल्यावर मी विचारलं, काय म्हणाले?

"म्हणाले, मग तुम्ही काय करणार? म्हटलं, आरसा धरीन तिचा."

आरसा म्हणजे यंत्राच्या समोर, पुढच्या ब्रॅकेटपाशी धरायचा प्रिझम. ते काम नवशिक्याचं.

चूक अहवालात बाबांच्या नावावर लिहिली गेली, ती मीच लिहिली. बोगदा दोन महिन्यांनी नीट जुळला. पण मला आठवते ती साहेबांना फोन झाला त्याच दिवशीची दुपार. आम्ही आत गेलो, पहिला नवा ब्रॅकेट डाव्या भिंतीवर ठोकून घेतला आणि माणसं बाजूला झाली. बाबा पाइपांपाशी थांबले. मी म्हटलं, दुसऱ्या कोणाला तरी देते आरसा. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मग आरसा माझ्या हातात दिला, एक हात माझ्या खांद्यावर टाकला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "धर गं मला."

आजवर हे त्यांनी कोणालाही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. मी आरसा खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी त्यांना धरलं. चांगलेच जड होते. पलीकडे पाय टेकेपर्यंत मी सोडलं नाही.