निळ्या ताडपत्रीवरची नदी

शाळेच्या मैदानावर नदी आणायची तर एक निळी ताडपत्री लागते, ती उडू नये म्हणून चार विटा लागतात आणि पंचवीस मीटर दोर लागतो. उत्तरा हे सामान गेली सहा वर्षं नाशिकच्या शाळाशाळांतून फिरवत होती. पूर, आग, भूकंप आला तर काय करायचं हे नववी-दहावीच्या मुलांना शिकवणाऱ्या एका संस्थेत ती प्रशिक्षक होती. या वयाची मुलं म्हणजे जन्मतःच सगळं माहीत असलेली मंडळी. भूकंप म्हटलं की मागचं कुणीतरी बाक हलवून दाखवणारच. उत्तराला ती तरीही आवडायची आणि तिचं शिकवणं त्यांना आवडायचं. तीन दिवस वर्ग आणि चौथ्या दिवशी पाहुण्यांसमोर प्रात्यक्षिक, असा सगळा बेत असे.

हे प्रात्यक्षिकच मुळात पाहुण्यांचं लाडकं. मुलांना काय आलं याची फिकीर कुणाला असते? फोटो बरे आले की झालं.

पहिल्या वर्षी उत्तराने ते अगदी खऱ्यासारखं बसवलं होतं. तिच्यासोबत काम करणारे यज्ञेश्वरकाका अग्निशमन दलातून निवृत्त झालेले. गोदावरीतून त्यांनी किती माणसं काढली याची मोजदाद त्यांनाही नव्हती. त्यांनी तिला सांगितलं होतं, की बुडणारं माणूस ओरडत नाही. ओरडायला श्वास लागतो आणि नेमका तोच त्याच्यापाशी नसतो. ते गप्प असतं, मान मागे टाकलेली, तोंड पाण्याच्या बरोबरीला. काठावरच्याला वाटतं, हे मजेत उभं आहे. उत्तराने एका मुलीला तसंच ताडपत्रीच्या मधोमध गप्प उभं केलं. मुलगी बुडून गेली तरी प्रमुख पाहुणे मोबाइलमध्येच, आणि मग त्यांनी विचारलं, कार्यक्रम सुरू कधी होणार? मुख्याध्यापक तिला बाजूला घेऊन म्हणाले, मॅडम, जरा जिवंत करा ना.

उत्तराने जिवंत केलं. पुढच्या शाळेपासून बुडणारा मुलगा हात उडवून 'वाचवा, वाचवा' असं बोंबलायला लागला, काठावरची मुलगी दोराला बांधलेला रिकामा कॅन त्याच्याकडे फेकायला लागली आणि टाळ्यांचा कडकडाट व्हायला लागला. गप्प बुडण्याची गोष्ट उरली ती तिसऱ्या दिवशी, डब्याच्या सुट्टीच्या अगदी आधी, पडद्यावरच्या चार ओळींत. यज्ञेश्वरकाकांनी दोनदा कुरकुर केली, मग तेही गप्प बसले. सगळ्यांचं छान चाललं होतं.

गंगापूर रोडच्या एका शाळेत दोर फेकायला यशश्री होती. दहावीतली, चष्मेवाली, हातात कमालीचा नेम. पाण्यात उडी मारायची नाही, आपण काठावरच राहायचं आणि दोर फेकायचा, हे तिने असं घोकलं होतं की झोपेतही म्हणाली असती. इतकी पक्की मुलगी उत्तराला सहा वर्षांत भेटली नव्हती.

दिवाळीच्या सुट्टीत यशश्री पेठ तालुक्यात मामाच्या गावी गेली. तिथे बंधाऱ्यावर ती, मावशीचा रुद्र आणि मामाची सई अशी तिघं गेली होती. रुद्र अकरा वर्षांचा, सई बारा. दोघं पाण्यात उतरली आणि पाण्याखालच्या खोल खड्ड्याच्या बाजूला सरकली. रुद्र ओरडायला लागला. यशश्रीने पंपाजवळ पडलेला दोर उचलला, फवारणीचा रिकामा कॅन त्याला बांधला आणि पहिल्याच फेकीत रुद्रच्या हाताशी टाकला. त्याला ओढून काढलं. वळून पाहते तो सई नव्हती. गावातल्या माणसांनी तिला अर्ध्या तासाने बाहेर काढलं.

शाळेने ठरवलं, सव्वीस जानेवारीला यशश्रीचा सत्कार करायचा आणि तो उत्तरा मॅडमच्याच हस्ते करायचा. संस्थेच्या साहेबांना तर आकाश ठेंगणं झालं. प्रशिक्षणाने जीव वाचला, असं वार्षिक अहवालात पहिल्या पानावर घालायचं त्यांनी ठरवून टाकलं. दुसऱ्या जिवाचं काय, हे त्यांना कुणी विचारलं नाही. उत्तराला घटना लिहून आणायला सांगितलं, म्हणून जानेवारीच्या सुरुवातीला ती यशश्रीच्या घरी गेली.

पोरगी शांत होती. सत्कार घेणार का विचारलं, तर हो म्हणाली; मामीनेच गावाहून फोन केला होता, आमच्या सईच्या नावाने घे म्हणून. मग तिने सगळं क्रमाने सांगितलं, उत्तरपत्रिकेतल्यासारखं. रुद्र होता तिथे पाणी त्याच्या छातीइतकंच होतं, हे मागाहून कळलं; घाबरला नसता तर पाय टेकले असते. सई त्याच्या पलीकडे खोलात होती.

"ती ओरडली नाही, मॅडम," यशश्री म्हणाली. "शांत उभी होती. मग मी रुद्रला ओढत असताना तिचा पाय घसरला असणार. मला ओढायला फार वेळ लागला. लवकर ओढलं असतं तर तिलाही दोर मिळाला असता."

उत्तराच्या हातातलं पेन थांबलं. काय झालं असणार ते तिला जसंच्या तसं दिसलं: मान मागे टाकलेली सई आणि काठावर, मॅडमनी शिकवलं तसं, ओरडणाऱ्याकडे दोर फेकणारी यशश्री. पोरीने काडीचीही चूक केली नव्हती. तिला जे शिकवलं ते तिने बिनचूक केलं होतं. तुझ्याकडून काही कमी पडलं नाही, असं काहीतरी बोलून उत्तरा तिथून उठली.

पुढचे दोन आठवडे तिला अन्न गोड लागेना. शेवटी तिने यज्ञेश्वरकाकांना गाठलं आणि सगळं सांगितलं. प्रात्यक्षिक उद्याच्या उद्या बदला, म्हणाले, पाहुणे गेले खड्ड्यात. आणि मीही तेव्हा तोंड मिटून बसलो, तेव्हा यात माझाही वाटा आहे. पण मुलीला सांगायचं का, यावर त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"उत्तराताई, हे तुम्ही कुणासाठी सांगणार? तिच्यासाठी की तुमच्यासाठी?"

तिच्यासाठीच, असं उत्तरा ठामपणे म्हणाली. ती पोरगी आपल्या हाताला दोष देत बसलीय, लवकर ओढलं असतं तर, म्हणते. जन्मभर हे ओझं वागवेल. काका म्हणाले, ते ओझं तिला पेलतंय असं दिसतं. उत्तराला ते पटलं नाही. खरं तर तिला पटवून घ्यायचंच नव्हतं. ज्या हातांनी ताडपत्री अंथरली त्याच हातांनी त्या मुलीच्या गळ्यात हार घालायचा, हे तिला कल्पनेतही सोसत नव्हतं.

पंचवीस तारखेला संध्याकाळी ती पुन्हा यशश्रीकडे गेली. आई आत भाजी निवडत होती. उत्तराने काही आडपडदा ठेवला नाही. पहिलं वर्ष, मोबाइल बघणारे पाहुणे, मुख्याध्यापक, टाळ्या, सगळं सांगितलं. बुडणारं माणूस गप्प असतं, हे मला माहीत होतं, म्हणाली, आणि तरी मी तुला ओरडणाऱ्याकडे बघायला शिकवलं.

"तुझ्या हातून उशीर झाला नाही, बाळ. चूक माझी आहे, सगळी माझी. एवढंच तुला सांगायला आले."

यशश्रीने चष्मा काढून हातात धरला. उत्तराला वाटलं, आता ही रडेल, मग हलकी होईल. पण ती रडली नाही. काहीतरी मनाशी जुळवत असल्यासारखी ती जमिनीकडे बघत राहिली आणि मग तिने अगदी हळू विचारलं,

"म्हणजे सई उभी होती तेव्हाच बुडत होती?"

आता खोटं बोलता येणार नव्हतं. उत्तरा हो म्हणाली.

"तिचा पाय नंतर नाही घसरला?"

"नाही."

"ती माझ्याकडेच बघत होती, मॅडम," यशश्री म्हणाली. "मी हसून तिला हाताने खूण केली. थांब जरा, आधी याला काढते, म्हणून."

ती उठून आतल्या खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं. आत आवाज नव्हता. आई हात पुसत बाहेर आली, बंद दाराकडे आणि मग उत्तराकडे बघत राहिली.

"काय बोललात तुम्ही तिला?" तिने विचारलं. "आत्ता कुठे ती नीट जेवायला लागली होती."

सांगण्यासारखं जेवढं होतं तेवढं उत्तरा सांगून बसली होती.