शिवेचा गोटा

ऐका तं, किसनरावची गोष्ट सांगतो, त्र्याऐंशीची. पिंपळझरीच्या ग्रामपंचायतीत तीन वस्त्या, त्यातली तिसरी म्हंजे नाल्यापल्याडचा टोला, मोजून बावीस घरं. किसनराव तिथला मेंबर. त्याले एकच ध्यास, टोल्यावर बोरिंग पाह्यजे. बाया उन्हाळ्यात दीड कोसावरून पानी आनत, आन त्यात त्याची मायही, आनंदाबाई, साठीच्या वरची, डोक्यावर पान्याचे दोन गुंड घेऊन. चार वर्सं हा गडी सायकलनं वर्ध्याले अर्ज घेऊन फिरला. साहेब भेटे तवा कागद नाई, कागद सापडे तवा साहेब दौऱ्यावर. शेवटी झाली एकदाची मंजुरी, आन चैतात मशीनची गाडी घरघरत टोल्यापाशी येऊन उभी राह्यली.

संगं ग्रामसेवक मधुकरराव आन मोजनीवाला साहेब. साहेबानं जीपवर नकाशा पसरला. नकाशा इंग्रजाच्या वेळचा, त्यात टोला नव्हताच, हद्दीचा गोटा तेवढा होता. म्हने, शिवेचा गोटा दाखवा. लोकायनं हौसेनं नेलं त्याले, टोल्याच्या तोंडाशी, लिंबाखाली. शेंदूर फासलेला, गळ्यात हार. साहेबानं टेप लावला आन म्हने, गोट्याच्या पल्याड चिंचटाकळीची हद्द, तुमचा टोला सारा तिकडंच येते, पिंपळझरीची बोर इथं देता येत नाई.

किसनरावचं तं डोस्कंच बंद पडलं. कारन तो गोटा पयले टोल्याच्या पार पल्याड होता, चिंचटाकळीच्या वावरायले लागून. एकोनऐंशीच्या पुरात आडवा झाला. बायायले तेवढा चिखल तुडवत पूजेले जानं होये नाई, म्हून किसनरावनंच बैलबंडी जुपली आन देव उचलून घराजवळ आनला. वाजतगाजत. देव जवळ आला, याचाच आनंद. शीव कोनाच्या ध्यानात?

आता लपवून काय करता? त्यानं सांगून टाकलं, साहेब, हा गोटा म्याच आनला. साहेब तापला. शिवेची निशानी हलवनं गुन्हा हाये म्हने. मंग जरा नरमला. नकाशात जागा हाये तिथं नेऊन गाडा, रिपोट करत नाई, पन मले गोटा जाग्यावर दिसला पाह्यजे. दुपारपर्यंत मशीन थांबते, मंग वडनेरले जाते.

किसनराव गोटा उपटाले सब्बल घेऊन धावला. तं लिंबाखाली साऱ्या बाया गोट्याले घेरून बसल्या, आन समोर आनंदाबाई.

"माय, उठ. हा देव नाई, सरकारी गोटा हाये."

"चार वर्सं तूच नारळ फोडले ना त्याच्यापुढं? तवा काऊन नाई सांगतलं?"

किसनराव तिच्यापुढं उकिडवा बसला.

"पानी तुलेच लागते ना वं माय," तो हळूच म्हने.

"लागते. आनीन मी. पन बसवलेला देव उठवू देत नाई."

त्यानं हात जोडले, रागावला, मधुकररावले मधात घातलं. बाया हालल्या नाई. उन्ह डोक्यावर आलं, मशीनवाल्यानं गाडी फिरवली.

तसाच सायकल मारत चिंचटाकळीले गेला, तिथचे सरपंच प्रभाकरराव यायच्याकडं. म्हने, आमी तुमच्या हद्दीत येतो, तं तुमीच द्या बोर. प्रभाकरराव पान चघळत हासले.

"मेंबर तुमी पिंपळझरीचे, मतं टाकता तिकडं, आन तहान लागली का मंग आमचे? पयले यादीत नावं आना."

यादीचं काम वर्ध्याले. मोजनीचं कामही वर्ध्याले. किसनराव घरी आला, तं न जेवताच आडवा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मायच्या हातातले गुंड घेतले त्यानं, कावडीले बांधले आन बायायच्या मांगं मांगं निंगाला. गडीमानूस पानी भरे नाई तवा, साऱ्या पदरात तोंड घालून हासून राह्यल्या. विहिरीवर त्यातल्या वच्छलाबाईनं इचारलंच, "काहो मेंबर, मंजुरीचा कागद आनला का संगं?"

किसनरावनं दोर सोडला. बादली पान्याले लागाले लय वेळ लागला.