अर्धा उतरवलेला कोट

मित्रांनो, माझ्या पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत जाड पांढऱ्या दोऱ्याची शिवण आहे. काळ्या कापडावर पांढरा दोरा कुणी घालत नाही, हे मलाही कळतं. पण ती शिवण घालणाऱ्याला शिंपीकाम येत नव्हतं, आणि काळा दोरा संपला होता. मी एक जुना कोट आहे. सतरा वर्षं एका प्रवासी बोटीवर, जेवणाच्या मोठ्या दालनाच्या दारामागे मी टांगलेला होतो. मी पुष्कळ मारामाऱ्या पाहिल्या आणि एकदा स्वतः मारही दिला. तो कुणाला दिला, हे सांगताना आजही माझं अस्तर आकसतं.

आमच्या जातीचा जन्म कात्रीखालीच होतो. मनिलाजवळच्या तायताय गावात मांग तेम्यो, म्हणजे तेम्योकाका, या म्हाताऱ्या शिंप्याने मला कापलं, सुयांनी भोसकलं, कोळशाच्या इस्त्रीने भाजलं. मांग तेम्यो हाताचा सोन्यासारखा आणि डोक्याचा निखाऱ्यासारखा होता. मुलाने मशीनवर बसावं म्हणून त्याने त्याच्या पाठीवर लाकडी पट्ट्या मोडल्या होत्या. मुलगा काही बसला नाही, तो बोटीवर वाढपी झाला. त्याचं नाव नेमेसियो, घरात नेमिंग. त्याच्या लग्नासाठी बापाने मला शिवलं आणि कॉलरच्या आत लाल दोऱ्याने त्याचं नाव काढलं.

कोट अंगावर चढवून बघताना म्हातारा मुलाच्या मागे गेला आणि माझी कॉलर धरून त्याने मला सर्रकन कोपरांपर्यंत खाली ओढलं.

"आता मार मला," तो म्हणाला.

नेमिंगने हात उचलायचा प्रयत्न केला. दोन्ही हात पाठीशी जखडले होते. तेवढ्यात बापाने त्याच्या टाळक्यात टप्पल मारली.

"ताताय, लग्नाच्या दिवशी तरी मारू नका हो!" तिकडे बापाला ताताय म्हणतात.

"लक्षात ठेव, बाळा. कोट घालायचा तर पुरता घाल, काढायचा तर पुरता काढ. अर्धा उतरवून गप्पा मारत उभा राहिलास, तर झुंजीला नेताना बांधलेल्या कोंबड्यासारखा होशील. कुणीही येऊन बडवून जाईल."

म्हाताऱ्याने मुलाला शिकवलेलं शिंपीकाम एवढंच.

लग्न झालं आणि मी नेमिंगच्या पेटीत बसून बोटीवर गेलो. त्या बोटीवर रीतच अशी होती, की प्रत्येक सफरीत एक संध्याकाळ काळ्या कोटाची. त्या दिवशी दालनात कोटाशिवाय पुरुषाला पान मिळत नसे. इतर दिवशीही अर्धी चड्डी आणि चपला घालून आत यायची सोय नव्हती. ज्यांना तसं जेवायचं, त्यांनी वरच्या मजल्यावर हातात ताटली घेऊन रांगेत उभं राहावं. विसरभोळ्यांसाठी दारामागे सहा उसने कोट असत. एकदा एका जाडजूड मास्तरांना सहापैकी एकही बसेना, तेव्हा तसाच रुंद खांद्यांचा नेमिंग धावत खाली गेला आणि मला घेऊन आला. त्या दिवसापासून मी दारामागचा सातवा कोट झालो. परक्या माणसांनी मला घातलं, माझ्यावर रस्सा सांडला, बाहीने तोंडं पुसली. मी कुणाचा आहे, हे एकानेही विचारलं नाही.

लोकांना वाटतं, बोटीवर म्हणजे नुसती चैन. मी काय पाहिलं ते ऐका. बोटीवरच्या पोहण्याच्या तळ्याकाठच्या खुर्चीवर पहाटेच टॉवेल टाकून जागा धरायची खोड सगळ्यांनाच असते. एकदा त्या टॉवेलावरून दोन आजोबा एकमेकांच्या नरडीला लागले, आणि एकाची कवळी तळ्याच्या तळाशी गेली. वरच्या रांगेत खेकड्यांच्या शेवटच्या परातीवरून एका बाईने दुसरीच्या हातावर काटा खुपसला. पोटं भरलेली माणसं अन्नासाठी इतकी का भांडतात, हे मला आजवर उमगलेलं नाही.

एकदा तुफानाची नुसती शेपूट आम्हाला लागली. नेमिंगने प्रत्येक टेबलावर तांब्या उपडा करून मेजपोस ओले केले, कारण ओल्या कापडावरून ताटल्या घसरत नाहीत. पोट ढवळलेल्यांना त्याने हिरवी सफरचंदं आणि आल्याचे तुकडे वाटले. एका गृहस्थांना मात्र ओला मेजपोस कमीपणाचा वाटला. त्यांनी हट्टाने कोरडा घालून घेतला. पुढच्याच लाटेला त्या टेबलावरचं सूपचं जड भांडं उडालं आणि भिंतीवरचा आरसा फुटला. बिलोरी काचेचा हातभर तुकडा युसेबियो नावाच्या वाढप्याच्या मांडीत घुसला. रक्ताची चिळकांडी छतापर्यंत गेली. नेमिंगने मला खुंटीवरून ओढलं आणि डॉक्टर येईपर्यंत त्या जखमेवर दाबून धरलं. युसेबियो वाचला. माझ्या अस्तरावर त्याचा तपकिरी डाग अजून आहे.

आता त्या संध्याकाळकडे येतो.

त्या बोटीवर चाकरांसाठी एक कायदा सगळ्यांच्या वर होता. प्रवाशावर हात उचललास की पुढच्या बंदरात उतरायचं, आणि नाव काळ्या यादीत. मग जगातली कुठलीच बोट दारात उभी करत नाही. प्रवाशाने आधी मारलं, हे कारण चालत नसे. नेमिंग तोवर दालनाचा मुख्य वाढपी झाला होता. धाकटे त्याला कुया, म्हणजे दादा, म्हणत. घरी बायको कोरा आणि तीन लेकरं त्या एका नोकरीवर होती.

त्या सफरीला इलोइलोचे इंजिनिअर गाउदेन्सियो एस्कान्यो आले होते, बायको पेर्लाबरोबर. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून. कप्तानाशेजारचं टेबल मिळावं म्हणून त्यांनी सहा महिने आधी पत्र घातलं होतं. खास नवा कोट शिवला होता. आणि कोटाला चुणी पडू नये म्हणून बॅगेत विजेची इस्त्री घातली होती! मित्रांनो, बोटीवर आगीइतकं दुसऱ्या कशाला भीत नाहीत. तपासणीत इस्त्री दिसली, बॅग अडकली, आणि बॅगेबरोबर नवा कोटही अडकला. रखवालदार कुलूप उघडायला बोलावत होते आणि इंजिनिअरसाहेब "सामान आणून देणं तुमचं काम" म्हणून खोलीत हटून बसले होते. जेवणाची घंटा झाली तेव्हा ते अंगातल्या सदऱ्यानिशी दारात आले.

"सर, बाकी सगळं छान आहे, फक्त कोट तेवढा हवा," नेमिंग हसून म्हणाला.

"माझा कोट तुमच्याच चोरांनी दाबून ठेवलाय!"

"असेल सर. तोवर आमचा घाला. जेवण गार होईल, मॅडम ताटकळतायत."

साहेबांच्या खांद्यांना मीच एकटा बसलो. दोन्ही बटणं त्यांनी इतकी ओढून लावली की माझा श्वास कोंडला.

टेबलावर त्यांचे गावचेच तुआसोन नावाचे गृहस्थ होते, जिभेला हाड नसलेले. साहेब प्याला उंचावून बायकोच्या नावाने दोन शब्द बोलायला उठले, तशी माझी कॉलर उलटली. तुआसोनने मान वाकडी करून वाचलं.

"नेमेसियो? अरे, हा तर त्या वाढप्याचा कोट!" आणि त्याने चुटकी वाजवली. "ए नेमेसियो, पाणी आण रे! आणि भात गरम आहे का बघ!"

टेबल खो खो हसलं. पेर्लाबाईंनाही हसू आवरेना. मी साहेबांच्या अंगावर होतो. त्यांच्या काखेतला घाम एका क्षणात गरम झालेला मला कळला. पंचवीस वर्षं जपलेला एक क्षण होता तो, आणि त्याचा तमाशा झाला होता.

नेमका तेव्हाच नेमिंग पाण्याचा जग घेऊन आला.

पहिला ठोसा त्याच्या डाव्या कानावर बसला आणि हातातला काचेचा जग पडून फुटला. ती मूठ माझ्या उजव्या बाहीत होती. ज्याच्यासाठी मला शिवलं त्याच्या कानशिलात मी जाऊन आदळलो. माझं वरचं बटण तुटून सूपात पडलं. दुसरा ठोसा त्याच्या ओठांवर बसला, तिसरा पुन्हा त्याच कानावर. कानातून रक्ताची धार लागली. नेमिंगने दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत घट्ट अडकवले होते.

"कुया, हात उचलू नकोस!" मागून युसेबियो ओरडत होता. "पोरांची शपथ आहे, उचलू नकोस!"

"मला वाढप्याचं कातडं घालतोस? चारचौघांत?" साहेब किंचाळले आणि त्यांनी नेमिंगच्या पोटात गुडघा घातला. तो कोलमडला. कुणीतरी रखवालदारांना हाक मारली. बाकीची माणसं हातातले काटे हातातच धरून बघत राहिली.

पेर्लाबाई मध्ये पडल्या. "गाउदिंग, पुरे! मी हसले, मला बोल!"

साहेबांनी त्यांना ढकललं. त्या फुटक्या जगाच्या काचांवर आडव्या पडल्या आणि त्यांचा तळवा मनगटापर्यंत फाटला. साहेबांचं लक्षच नव्हतं. त्यांनी टेबलावरची मांस कापायची सुरी उचलली आणि "हसतेस?" म्हणत ते बायकोकडे वळले. सुरीची मूठ माझ्या उजव्या बाहीच्या टोकाला टेकली होती. मला थांबवता येत नव्हतं. कापडाला स्वतःची इच्छा नसते, याचं एवढं दुःख मला कधी झालं नव्हतं.

तेव्हा नेमिंग उठला. त्याच्या हनुवटीवरून रक्त गळत होतं. तो साहेबांच्या मागे गेला आणि रोज शंभर प्रवाशांना म्हणतो त्याच आवाजात म्हणाला, "सर, कोट काढायला मदत करतो."

त्याने माझी कॉलर दोन्ही हातांनी धरली आणि सर्रकन कोपरांपर्यंत खाली ओढली.

साहेबांचे हात जागीच जखडले. सुरी बायकोच्या गळ्यापासून वीतभर अंतरावर थांबली. ते बैलासारखे झटके देऊ लागले. नेमिंग मला सोडेना. माझी पाठ मानेपासून उसवू लागली, एकेक टाका तुटताना मला ऐकू येत होता. पण मांग तेम्यो काखेत नेहमी दुहेरी टाका घालत असे. पाठ कमरेपर्यंत फाटली तरी बाह्या सुटल्या नाहीत. म्हाताऱ्याचे टाके मी जिवाच्या कराराने धरून ठेवले. अखेर सुरी जमिनीवर पडली, आणि मग रखवालदार पोचले.

चौकशीला कप्तानाने मला टेबलावर पसरून ठेवलं होतं.

"प्रवाशावर हात उचललास?"

नेमिंगने उजवा कान पुढे केला. डाव्याने ऐकू येईनासं झालं होतं. "नाही सर. साहेबांना कोट काढायला मदत केली. ते माझं कामच आहे."

"मग पुरता का नाही काढलास?"

"मध्येच फाटला, सर."

कप्तानाने माझी फाटलेली पाठ बोटांनी चाचपली. मग त्याने वहीत तेच शब्द लिहिले: कोट काढायला मदत केली. पुढच्या बंदरात इंजिनिअरसाहेबांना पोलिसांच्या हवाली केलं. त्यांची बॅगही खाली उतरवली, नव्या कोटासकट आणि इस्त्रीसकट. नेमिंगची नोकरी राहिली. त्याचा डावा कान मात्र परत आला नाही.

दोन दिवसांनी पेर्लाबाई बांधलेला हात घेऊन दालनाच्या दारात आल्या. खोलीतली सुईदोऱ्याची पुडी त्यांनी पुढे केली. "काळा दोरा संपलाय," त्या म्हणाल्या. "मीही हसले होते. ते काही मला विसरता येत नाही."

नेमिंगने पुडी घेतली. मांग तेम्यो त्याच वर्षी वारला होता. नेमिंग दारामागे स्टुलावर बसला आणि पांढऱ्या दोऱ्याने त्याने मला शिवलं. सुई तीनदा त्याच्या बोटात गेली. टाके वेडेवाकडे पडले. "ताताय, आणखी दोन पट्ट्या मोडल्या असत्या तर शिकलो असतो," असं पुटपुटत तो रडला.

आता मी तायतायला त्याच्या कपाटात असतो. मित्रांनो, बोटीवर जाल तेव्हा पहिल्या रात्रीचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवा, इस्त्री घरी ठेवा, आणि मेजपोस ओला दिला तर रागावू नका. पण एवढ्यानेही काम भागत नाही. उसना कोट अंगावर चढवाल तेव्हा कॉलरच्या आत नाव आहे का बघा. तो कुणीतरी कुणासाठी तरी जपून शिवलेला असतो. त्या बाहीत मूठ वळू नका. कापडाला नाही म्हणता येत नाही.

कोरा दर सणाला म्हणते, "अहो, तो पांढरा दोरा काढून टाकते, लोक हसतात." नेमिंग तिला हात लावू देत नाही. रविवारी चर्चला जाताना तो मला खुंटीवरून काढतो, झटकतो आणि अंगात घालतो. आधी उजवी बाही घालतो. त्याचा कान घेणारी तीच बाही. तिच्यात तो अजूनही पहिला हात घालतो.