पायाशी कोमट वारा

पक्षाघातानंतर बायजाचा डावा पाय कायम गार असायचा. दर मंगळवारी आणि शुक्रवारी तिची सून पूनम तिला तळा गावाहून गाडीने माणगावला फिजिओथेरपीसाठी न्यायची. जानेवारीत, सकाळी सातला निघताना पूनमने एकदा सहज हीटर लावला आणि वारा खाली पायाकडे वळवला. बायजा वाटभर सुखाने बसून राहिली. तेव्हापासून गाडीत बसलं की ती आधी म्हणायची, "लाव गो."

एका शुक्रवारी ती म्हणाली, "आज कोमट हाय."

"गाडी अजून तापली नाही, आई."

माणगाव आलं तरी वारा कोमटच होता. मंगळवारीही तसाच. पूनमने नवऱ्याला, शुभमला, फोन केला. तो मुंबईत नोकरीला होता.

"कोकणात हीटर कोण दुरुस्त करतं?" तो हसला. "तापमानाचा काटा बघ. इंजिन तापतंय का?"

काटा मधोमध होता. इंजिन गार ठेवणाऱ्या कूलंटची बाटलीही खुणेपर्यंत भरलेली दिसत होती. पूनमने विषय सोडला. बायजाने सोडला नाही.

"डाव्याला कळत न्हाय, पण उजव्याला कळतं ना," ती बुधवारी दिवसभर म्हणत राहिली. गुरुवारी पूनमने तिला गाडीत बसवून रावजीच्या गॅरेजवर नेलं, निदान तिचं समाधान होईल म्हणून.

रावजीला तळ्यात गॅरेज घालून तीस वर्षं झाली होती. हीटरची तक्रार घेऊन त्याच्याकडे आजवर कोणी आलं नव्हतं. तसं त्याने बोलून दाखवलं, पण हसला नाही. गाडी चालू करून त्याने हीटरच्या जाळीपुढे हात धरला. ॲक्सिलरेटर दाबला तेव्हा वारा गरम झाला. सोडला, पुन्हा कोमट. त्याने तीनदा तसंच केलं.

"पाणी कमी आहे," तो म्हणाला. "हीटरला स्वतःची आग नसते, वहिनी. इंजिनाचं गरम पाणी त्यातून फिरतं. पाणी कमी झालं की आधी तिथे हवा शिरते. काटा नंतर बोलतो."

"पण बाटली भरलेली आहे."

रावजीने बाटली हलवली. आतली रेघ हलली नाही. तो जुना डाग होता.

इंजिन गार झाल्यावर त्याने रेडिएटरचं झाकण उघडलं. दीड लिटर पाणी आत गेलं. एवढ्यावर गाडी परत देता आली असती. रावजी मात्र टॉर्च घेऊन वाकला. खाली थेंब नव्हता, पाईप कोरडे होते. मग वॉटर पंपाच्या कडेला त्याला हिरवट पांढरी खपली दिसली. पाणी पाझरत होतं आणि गरम इंजिनावर तिथेच सुकत होतं. त्याने पट्टा काढून पंपाची पुली हलवली. ती डुगडुगली; पंप आतून झिजला होता.

"किती दिवस चालला असता?" पूनमने विचारलं.

"महिनाभर. नाहीतर उद्याच्या चढणीपर्यंत."

पूनमने बाकावर बसलेल्या सासूकडे पाहिलं.

पंप पनवेलहून शनिवारी आला. शुक्रवारचा व्यायाम बुडाला. पंप बसवून, कूलंट भरून रावजीने बायजाला पुढच्या सीटवर बसवलं. "काकू, तुम्हीच सांगा आता."

बायजाने चप्पल काढून उजवा पाय पुढे केला. बराच वेळ थांबली.

"अजून न्हाय."

रावजीने इंजिन रेज करून आत अडकलेली हवा काढली. थोडं कूलंट घातलं, पुन्हा रेज केलं. या वेळी बायजाने पाय झटकन मागे घेतला.

"भाजतंय!"

रावजीने बॉनेट लावलं आणि हात पुसत आत गेला. पूनम गाडीच्या दाराशी वाकली.

"आई, मी पहिल्याच दिवशी ऐकायला हवं होतं."

"ऐकलंस की," बायजा म्हणाली. "उशिरा." आणि सीटखाली गेलेली चप्पल पायाने चाचपू लागली.